सोळावा भाग

चिंचवली, ता. मुरबाड
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. कुणाली,

आत्याचा आशीर्वाद घे, आणि त्याआधी कानाला एक चिमटा घे. गणपतीत आलीस तेव्हा माझ्या हर्षितच्या जुन्या फोनमध्ये ते नखाएवढं कार्ड घातलंस आणि म्हणालीस, "आत्या, एकच भाग बघ." तुझ्या त्या एका भागाचे आता अठ्ठेचाळीस झाले. तीन मालिका संपल्या गो. चोपन्न वर्षांची बाई मी, हरिपाठाला पुढे बसणारी, आणि दार लावून, आवाज बारीक करून कोरियातल्या पोरापोरींची प्रेमं बघते. खळ्यावर झोडणीच्या बायका विचारत होत्या, "वयनी, डोलं का लाल?" मी सांगितलं, कोंडा गेला. तुझ्यापायी खोटं बोलायला लागले.

फोनवर हे बोलता येत नाही. रेंज फक्त मारुतीच्या पारावर, आणि तिथे गावातले दहा कान आधीच बसलेले. म्हणून हे पत्र. कार्डसोबत पाकिटात जाईल.

माझं मत विचारलंस ना? ऐक. माणसं आपल्यासारखीच आहेत. चपला दारात काढतात, तिन्हीत्रिकाळ भात खातात, पितरांना पान वाढतात. भात मात्र गिचका, मी केला असता तर तुझ्या आतोबांनी ताट सरकवलं असतं. ती सगळी एकाच भांड्यात चमचे घालून जेवतात ते मला पटलं नाही. पोरगी दारू पिऊन पडते आणि पोरगा तिला पाठुंगळी घेऊन चढ चढतो, तेही नाही पटलं, पण तीन वेळा बघितलं. आणि उठसूट गुडघ्यावर बसून माफी कसली मागतात? म्हणे त्यांच्याकडे जमीन खालून गरम असते. म्हणूनच बसवत असेल. आपल्या सारवलेल्या जमिनीवर थंडीत बसून दाखवा म्हणावं.

पाकीट सुदाम नेतो आहे. वरच्या ठाकूरवाडीतला, तुझ्या लॅबमधला. गुणी मुलगा. दर शनिवारी वाडीवर जाताना पाकीट देतो आणि रविवारी परत जाताना घेतो. पण ओट्याच्या वर येत नाही. पाणीसुद्धा नको म्हणतो. फार लाजाळू दिसतो.

नवीन मालिका धाड. रडकी चालेल.

तुझी आत्या,
भागीरथी


आटगाव
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

लाडक्या आत्या,

तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचलं आणि इतकी हसले की रक्त द्यायला आलेल्या काकांना वाटलं त्यांनाच हसते आहे. भाताबद्दलचं तुझं मत सगळ्यांना वाचून दाखवलं. सुदामला पाठुंगळीचं दाखवलं तर तो म्हणाला, आमच्या वाडीत आजारी माणसाला अजून असंच खाली आणतात, त्यात प्रेमाचं काय. आत्या, सुदाम अजिबात लाजाळू नाही. इथे दिवसभर बडबडतो. तुझ्यासमोरच का गप्प असतो कोण जाणे.

आम्ही दोघं बोलायला लागलो तेही तुझ्यामुळेच. पहिल्या दिवशी त्याने गाव सांगितलं, मी म्हटलं चिंचवलीला माझी आत्या असते.

या वेळच्या कार्डात माझी सगळ्यात आवडती मालिका आहे. खानावळवाल्या बाईची मुलगी आणि मोठ्या घरातला मुलगा. सोळा भाग. पाचव्या भागात मुलाची आई त्या मुलीला भेटायला बोलावते. हा सीन त्यांच्या मालिकांत असतोच, आम्ही मैत्रिणी त्याची वाटच बघतो. आई टेबलावरून पाकीट सरकवते आणि म्हणते, हे घे आणि माझ्या मुलाला विसर. तो बघून तुला काय वाटलं ते नक्की लिही. तुझं मत मला खरंच हवं आहे. का ते नंतर सांगेन.

हर्षितदादा दिवाळीला आला होता का?

तुझी,
कुणाली


चिंचवली
रविवार, १ डिसेंबर

चि. कुणाली,

हर्षित आला नाही. भिवंडीला गोदामात काम फार आहे म्हणाला. गणपतीला येतो, जेवतो, झोपतो, जातो. मोठा झाला आहे, त्याचं त्याला कळतं.

मालिका निम्मी झाली. खानावळीतली ती मुलगी चांगली आहे, हाताला उसंत नाही तिच्या. आईला कांदे चिरू देत नाही, डोळ्यांना लागतात म्हणून स्वतः चिरते. अशी मुलगी पोटी यावी.

तो पाकिटाचा भाग पाहिला. पुरता नाही पाहिला. त्या बाईने पर्समध्ये हात घातला तिथेच मी फोन पालथा केला. बसले तशीच चुलीपुढे. नंतर पुढचा भाग लावला, तर तिथेही तीच बाई, मोत्याच्या कुड्या घालून चहा पिते आहे. काही झालंच नाही जणू. मला ती नजरेसमोर नको कुणाली. अशा बाईला काय म्हणावं मला सुचत नाही. मुलीने नुसतं पाकिटाकडे बघितलं, ओरडली नाही, काही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही मुली त्या सीनची वाट कसली बघता? मला तर रात्री जेवण गेलं नाही.

दुसरी एखादी मालिका धाड. भुताची असली तरी चालेल.

तुझी आत्या


आटगाव
शुक्रवार, ६ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटच्या वेळी रडले. आपल्या अख्ख्या घरात असं वाटणारी तू एकटीच असशील. आई तो सीन बघून म्हणाली होती, "बरोबरच हाय तिचा, आईला पन जीव असतो." तू फोन पालथा केलास.

आता सांगते. मला लग्न करायचं आहे. ज्याच्याशी करायचं आहे त्यानेच हे पाकीट तुझ्या हातात दिलं. पाकीट बंद आहे, तरी त्याला आत काय आहे ते माहीत आहे.

तो आदिवासी ठाकूर आहे, वाडीतला आहे, हे ऐकल्यावर बाबा काय म्हणतील ते मी तुला सांगायला नको. पण बाबा एकाच माणसाचं ऐकतात. आजी गेल्यावर तू त्यांना वाढवलंस, अजून तुझ्यापुढे ते तंबाखू मळत नाहीत. तू एकदा आटगावला येऊन म्हण, "कुंडलिक, पोरगा चांगला आहे." तेवढ्याने होईल. जानेवारीत मला बघायला वाशिंदचे पाहुणे येणार आहेत, त्याआधी.

तूच लिहिलंस तो गुणी मुलगा आहे. आणि तूच लिहिलंस, अशी मुलगी पोटी यावी. मी तुझ्या पोटची नाही, पण तुझीच आहे.

वाट बघते.

कुणाली


चिंचवली
रविवार, १५ डिसेंबर

चि. कुणाली,

पत्र मिळालं. काल सुदाम येऊन गेला असं शेजारी सांगत होते. मी वालाच्या शेतावर होते, भेट झाली नाही. म्हणून हे पोस्टाने टाकते.

घाई करू नकोस. कुंडलिकला मी काय सांगणार, आता त्याचं घर त्याचं. माझे गुडघेही धरले आहेत, एसटीने आटगावपर्यंत यायचं म्हणजे दोन गाड्या बदला. मुलगा वाईट नाही. पण वाडीचं आणि आपलं जुळत नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

पाहुणे येऊन बघून गेले म्हणजे काही लग्न होत नाही. बघू.

आत्या


आटगाव
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आत्या,

तू "बघू" म्हणालीस त्याचा मला राग आला होता. आता तोही उरला नाही, कारण अडचण भलतीकडेच निघाली.

सुदामने नाताळच्या सुट्टीत घरी सांगितलं. आम्हाला वाटलं होतं तिकडून होकार येईल आणि बाबा अडतील. झालं उलटं. त्याची आई, बारकीकाकी, म्हणाली, "खालच्या गावाची ओटी एकदा घेतली. परत नाय घेनार."

मग त्याने मला सांगितलं. त्याला थोरली बहीण आहे, सावळी. सहा वर्षांपूर्वी खालच्या गावातला एक मुलगा आणि ती, दोघांचं जमलं होतं. एक दिवस मुलाची आई वाडीवर आली. हातात खण, नारळ, तांदूळ. वाडीला वाटलं मागणी घालायला आली. सगळी वाडी गोळा झाली. सावळीताईला आईची साडी नेसवून पाटावर बसवली. त्या बाईने तिची ओटी भरली, कुंकू लावलं. एका म्हातारीने लग्नाचं गाणं धरलं. आणि मग ती बाई म्हणाली, ही ओटी निरोपाची आहे, माझ्या मुलाला विसर.

आत्या, तिकडच्या त्या मालिकेतल्या बाईने निदान चार भिंतींत पाकीट सरकवलं. हिने ओटी भरून, सगळ्यांसमोर. कोण ही बाई? सुदाम म्हणतो त्याला नाव माहीत नाही, तो तेव्हा शहापूरला होस्टेलला होता. पण तू त्याच गावात राहतेस, तुला ठाऊक असणारच. मला फक्त नाव सांग. मी तिच्या दारात जाऊन उभी राहणार आहे.

कुणाली


आटगाव
शुक्रवार, २४ जानेवारी

आत्या,

तीन आठवडे झाले. वाशिंदचे पाहुणे येऊन गेले, बाबांना पसंत आहेत. तू बरी आहेस ना एवढं तरी कळव.

कुणाली


चिंचवली
रविवार, २ फेब्रुवारी

चि. कुणाली,

दारात येऊन उभं राहायचं आहे ना, तर दार तुझ्या ओळखीचं आहे. त्याच दारात गणपतीत तू रांगोळी काढलीस.

ती मी. मुलगा हर्षित.

हे एवढं लिहायला मला महिना लागला. चार कागद चुलीत घातले. एकात लिहिलं होतं की ती बाई आता मेली. बघ माझी मजल कुठवर गेली ते.

तू ऐकलंस ते खरं आहे, आणि जे नाही ऐकलंस ते आता मी सांगते. हर्षित मला म्हणाला होता, आई, मला सावळी हवी. मला वाटलं वाडीतली सून आणली तर गाव हळदीकुंकवाला बोलावणार नाही, हरिपाठात मला मागे बसवतील. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. मुलगी तर मला आवडायची. माझ्या शेतावर लावणीला यायची, माझ्या पायात काटा मोडला तर तिने दातांनी काढला होता.

ओटी का नेली ते सांगते, तुला हसू येईल किंवा किळस येईल. सासरी जाणाऱ्या मुलीला आपण रिकाम्या ओटीने घालवत नाही. मी म्हटलं, हिला माझ्या मुलाच्या आयुष्यातून घालवते आहे तर ओटी भरून घालवावी, म्हणजे मला दोष लागणार नाही. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ होतं की ओटी घेऊन कोणी दारात आलं तर समोरच्याला काय वाटेल हे सुचलंच नाही. सुचलं ते वाडीवर पोचल्यावर. पोरं पुढे पळत ओरडत गेली, "सावळीची ओटी आली, सावळीची ओटी आली." तेव्हा मागे फिरायला हवं होतं, नाहीतर तिथेच सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले. त्यांनी बसवलं, बसले. बारकीने माझ्यासाठी कुठूनतरी दूध मागून आणलं, त्यांच्याकडे कोरा चहा असतो. तासभर मी त्यांना आनंदात राहू दिलं कुणाली. चहावर साय आली. तो मी प्याले नाही.

सावळी ओरडली नाही. पदरातल्या नारळाकडे बघत बसली. म्हणून तो पाकिटाचा भाग मला बघवला नाही. तुला वाटलं मी त्या मुलीसाठी कळवळले. मी त्या बाईला ओळखलं म्हणून फोन पालथा केला.

हर्षित नंतर वाडीवर गेला होता, सावळी बाहेर आली नाही. महिन्याभरात तो भिवंडीला गेला. काम फार आहे हे मी तुम्हाला सांगते, तो मला काहीच सांगत नाही.

आणि डिसेंबरात मी शेतावर नव्हते. सुदामने कडी वाजवली तेव्हा मी आत होते, दाराला पाठ लावून. तो सावळीचा भाऊ हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी माझ्या घरचं पाणी तो का पीत नाही ते त्या दिवशी कळलं. सगळं ठाऊक असून तो माझ्या करमणुकीची कार्डं वाहत होता. मी त्याला लाजाळू म्हणत होते.

लाज मला आहे. आता आहे. तेव्हा नव्हती.

भागीरथी


आटगाव
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आत्या,

तुमचं पत्र मिळालं.

मी सुदामला विचारलं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाला, "तुझी आत्या हाय ती. तुझ्या तोंडातून तिचं नाव किती वेळा येतं ते तुला नाय माहीत." मग पाकिटं तरी का न्यायचास? तर म्हणाला, बघत होतो. एकदा तरी विचारते का, सावळी कशी हाय. सप्टेंबरपासून दर शनिवारी त्याने वाट बघितली. तुम्ही नवीन मालिका आली का एवढंच विचारलंत.

सावळीताईचं खर्डीकडच्या एका वाडीत लग्न झालं आहे. तिला मुलगी आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सध्या पत्र पाठवू नका. कार्ड ठेवा.

कुणाली


चिंचवली
रविवार, १६ मार्च

चि. कुणाली,

पाठवू नको म्हणालीस तरी हे एक पाठवते. तू मला तुम्ही म्हणालीस, ते बरोबर आहे.

होळीला लेकी माहेरी येतात, म्हणून धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, वाडीवर गेले. रिकाम्या हाताने गेले. हयातीत पहिल्यांदा कोणाच्या घरी अशी गेले असेन. दारातून निघताना तीनदा आत वळले, निदान मूठभर गूळ तरी घेऊ म्हणून, आणि तीनदा ठेवला. मला माझ्या हातांचा भरवसा नव्हता.

बारकी अंगणात लाकडं फोडत होती. मला बघून कोयता खाली ठेवला नाही. म्हणाली, "आता काय आनलंस?" मी हात दाखवले. मग मी खाली बसले. तुझ्या कोरियातल्या लोकांसारखी, गुडघ्यांवर. ठरवून नाही बसले. आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात आली होती, तेव्हा जेवढी होती तेवढीच. मला वाटलं, आत न्यावं हिने मला. मग आठवलं, मी तरी कुठे हिच्या लेकीला आत नेलं होतं.

मी म्हटलं, "बारके, तो ओटीचा दिवस माझा होता, माझ्या भाचीचा नाय. तिला नाव ठेवू नको. मला जे म्हनायचं ते म्हन."

ती आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि माझा तो खण आणून माझ्या पुढ्यात ठेवला. हिरवा, जरीच्या काठाचा. घडीसुद्धा मोडली नव्हती. "तांदूल कोंबड्यांना घातलं. नारल ओढ्याला सोडला. ह्यो रायला व्हता, घेऊन जा तुझा." मी घेतला. आता हे लिहिताना तो माझ्या मांडीवर आहे.

सावळी होती. कडेवर मुलगी, तिच्याचसारखी. मी उठायला गेले तर गुडघे अडले, अर्धवट उठून परत बसले. सावळीने मुलगी आईकडे दिली, माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं आणि मुलगी परत घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, "कशी हायस गो?" ते फार उशिरा विचारलं हे मला कळत होतं. ती आत गेली.

बारकीने कोरा चहा आणून दिला. उभ्यानेच प्याले, सगळा. मग ती म्हणाली, "पोराचा जीव हाय तिच्यावं, मला दिसतंय. तुझ्या भावाला धाड. ओटी घेऊन धाड. पन तू येऊ नको. लग्नात पन नको. तुला बघितलं का माज्या लेकीला तो पाट आठवंल."

मी हो म्हटलं. तिथूनच उतरून एसटी धरली आणि दुपारी आटगावला आले. तू कामावरून यायची होतीस, तू यायच्या आत मी परतले. कुंडलिकला सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. त्याने माझ्यापुढे पहिल्यांदा तंबाखू मळला. मग म्हणाला, "ताई, तुला आमी देव मानत व्हतो." आणि थोड्या वेळाने, "कधी जायचं?" वाशिंदला तो आज नकार कळवणार होता. पाडव्याला तो आणि तुझी आई वाडीवर जातील. ओटीचा खण तुझ्या आईनेच आणावा, मी हात लावणार नाही. आणि एवढं तिला सांग, दारात पाय ठेवायच्या आधी कशासाठी आलो ते मोठ्याने बोला.

हर्षितला पारावरून फोन केला. आजूबाजूला सगळे बसले होते, त्यांच्यासमोरच सगळं बोलले. तो बराच वेळ ऐकत होता, मग फोन बंद झाला. रेंज गेली की त्याने ठेवला, माहीत नाही.

मालिकेचे उरलेले भाग काढले, शेवटचा काल रात्री. सोळाव्या भागात ती मोत्याच्या कुड्यांची बाई लग्नाला येते, फिकट निळे कपडे घालून पहिल्या रांगेत बसते, आणि सून येऊन तिचा हात धरते. माझं मत विचारशील तर हा भाग खोटा आहे. बाकीचे पंधरा खरे आहेत.

कार्ड पाकिटात घातलं आहे. त्यात आता मालिका भरू नकोस, रिकामं ठेव. तुझ्या लग्नाचं शूटिंग होईल, ते त्यात घालून पाठव. मी घरात बसून बघेन. दार उघडं ठेवून बघेन.

तुझी आत्या,
भागीरथी